झाडाचा अंगारा

कपाळावर अंगाऱ्याचं तिसरं बोट ओढता ओढता वीरुपाक्षअप्पा थांबले. समोर त्यांची नात रुद्राणी हसू दाबत उभी होती.

"आजोबा, त्यो अंगारा न्हाई. भुंग्यानं झाड पोखरून बाहेर लोटलेला भुसा हाय. त्याच्या लेंड्याबी आल्या त्यात."

अप्पांनी कपाळ पुसलं नाही. पुसायला गेलं तर अख्ख्या बोरी गावाची कपाळं पुसावी लागली असती.

चिडाचं, म्हणजे हिमालयातल्या पाइनचं, ते झाड अप्पांनीच तरुणपणी केदारनाथाहून पिशवीत घालून आणलं होतं. महादेवाच्या देवळामागं लावलं. पिंडीवरचं अभिषेकाचं पाणी पन्हळीतून थेट त्याच्या मुळाशी जायचं. परभणीच्या उन्हातही पठ्ठ्या ताडमाड वाढला. खोडातून चीक गळायचा, अप्पांच्या धोतराला लागायचा, आणि त्यांची बायको भागम्मा धुता धुता नवऱ्याचा, झाडाचा आणि केदारनाथाचा एकदमच उद्धार करायची.

यंदा विहीर आटली. गाव टँकरवर आलं आणि सगळ्यांनी मिळून अभिषेक बंद केला. मग चीक थांबला. भागम्माचं तोंडही थांबलं. थोड्याच दिवसांत खोडावरून बारीक पूड झरू लागली. किराणावाल्या बन्सीधरनं ती आधी कपाळाला लावली, मग जिभेला. पाण्याविनाही देव प्रसन्न आहे, असं कट्ट्यावर बसून अप्पांनीच सांगितलं. लोकांना पटलं. फुकटचा देव कुणाला नको असतो?

रुद्राणी परभणीला शेतकी कॉलेजात होती. तिनं समजावलं, भुंगा सालीत शिरला की झाड चीक सोडून त्याला बुडवतं. पण चिकाला पाणी लागतं. तहानलेल्या झाडाकडं वैऱ्यावर थुंकायलाही थुंकी उरत नाही. असंच चाललं तर पावसाळ्याआधी झाड जळणाला येईल.

अप्पा विचारात पडले. खरं सांगावं, तर भुंगा बुडवायला कोण पाणी देणार? सोमवारी ते कट्ट्यावर उभे राहिले आणि देवाच्या नावावर पहिल्यांदाच जाणूनबुजून खोटं बोलले.

"देव म्हनायलाय, अंगारा लय झाला. आता घरटी एक तांब्या पिंडीवर घाला."

"अन् न्हाई घातला तर?" बन्सीधरनं विचारलं.

"खाल्लेला अंगारा बाधंल."

बन्सीधर त्या दिवसापासून दोन तांबे घालू लागला.

हळूहळू खोडावर चीक चकाकला. अप्पांचं धोतर पुन्हा चिकटलं आणि भागम्मानं केदारनाथापासून सुरुवात केली. अप्पांना इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. तेवढ्यात बन्सीधर तक्रार घेऊन आला. पाणी रोज चाललंय, पण अंगारा साफ बंद झाला, देवाचं काही बिनसलं का?

आता खरं सांगायला हरकत नव्हती. अप्पांनी त्याला झाडापाशी नेलं. चिकाच्या एका थेंबात तिळाएवढा भुंगा रुतून मेला होता.

"अंगारा ह्यो देत होता, बाबा."

बन्सीधरनं वाकून नीट पाहिलं, चपला काढल्या आणि भुंग्याला हात जोडले.