नाल्याकाठची नोकरी

टोपी अमोलच्या डोक्याला लहान पडत होती. वाहेदनं ती मागून जरा उसवली आणि पुन्हा दाबून बसवली.

"आता दिसते बागेचा माणूस! फक्त जादा बोलू नको बेटा. नोकरीवाले जादा बोलत नाईत."

बाकावर बसलेल्या महादेवरावांना घाम फुटला होता. वाहेद त्यांचा शाळेपासूनचा दोस्त आणि या निसर्ग उद्यानाचा सगळ्यात जुना माळी. एके काळी निम्म्या अमरावतीचा कचरा या नाल्याच्या पोटात जायचा. आता काठानं अर्जुन आणि करंज वाढले होते, पाण्यावर खंड्या बसत होता, आणि रविवारची सकाळ असल्यानं पोरंसोरं नुसती हुंदडत होती. अशा जागी खोटं बोलायचं महादेवरावांच्या जिवावर आलं होतं.

पण करता काय? त्यांच्या मुलाची, अमोलची, शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग होती, चांगली फळाला आलेली. तरी त्या वर्षांत शेतकरी म्हटलं की मुलीचा बाप चहाही न घेता उठायचा. पेपरात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं रोज येत होतं, ते वाचून कोण मुलगी देईल? अकरा ठिकाणांहून नकार आले. बाराव्या खेपेला अकोल्याच्या शालिकरामजींना महादेवरावांनी फोनवर ठोकून दिलं, मुलगा अमरावतीला नाल्याकाठच्या उद्यानात नोकरीला आहे. तिकडून परवा निरोप आला, मुलगी म्हणते, मुलगा काम करतो तिथंच पाहू.

मग काय, वाहेदची जुनी खाकी धुऊन इस्त्रीला गेली.

दहा वाजता ऑटोतून शालिकरामजी उतरले आणि मागून आचल. मुलगी सावळी, तरतरीत, अकोल्याला शेतीचं शिकलेली. महादेवरावांच्या बायकोला, सुभद्राबाईंना, ती पाहताक्षणी आवडली, आणि म्हणूनच महादेवरावांना आपलं खोटं आणखी सलू लागलं.

फिरता फिरता आचलनं विचारलं, "इथं माणसं किती कामाले?"

"सात," अमोल म्हणाला.

मागे वाहेद खोकला. माणसं पाच होती.

"अन् हजेरी कोण घेते?"

"वाहेदचाचा."

आचलनं मान हलवली. पुढं पायवाटेच्या वळणावर कुण्या पाहुण्याच्या हस्ते लावलेलं संत्र्याचं झाड होतं, वर खुरटलेलं आणि बुडाशी फोफावलेलं. ते दिसलं मात्र, अमोल नोकरी, टोपी, वाहेदचाचाची ताकीद, सगळं विसरला. खाली बसला आणि बुडाचे फुटवे कटाकट मोडू लागला.

"हे संत्र्याचे नोहेत जी! खाली जंबेरी लिंबाचा खुंट हाये, त्यावर संत्र्याचं कलम. हे फुटवे खुंटाचे हायेत. हे ठेवले तं वरचा संत्रा उपाशी मरते."

बोलताना त्याचं तोंड असं उजळलं होतं की सुभद्राबाईंना कौतुकानं भरून आलं. आचल त्याच्याजवळ उकिडवी बसली. तिनंही एक फुटवा मोडला.

"मंग इतके दिवस काहून नाई काढले? तुमी तं इथंच असता."

अमोल लाल झाला. "सुट्टीवर होतो," तो पुटपुटला.

वाहेदनं घाईघाईनं सगळ्यांना करंजाखालच्या ओट्यावर बसवलं. सुभद्राबाईंनी डबा उघडला. पोह्यांवर कोथिंबीर, शेव, लिंबाची फोड. आचल आणि शालिकरामजी बाजूला जाऊन दोन मिनिटं काहीतरी बोलले, दोघंही हसले, आणि परत येऊन शालिकरामजींनी बशी हातात घेतली.

"आमाले मुलगा पसंत हाये."

सुभद्राबाईंनी हातच जोडले. वाहेदनं जोरात "मुबारक!" म्हटलं. आनंद झाला नाही तो एकट्या महादेवरावांना. समोर ती गुणाची पोर निश्चिंत मनानं पोहे खात होती, आणि त्यांनी आपली बशी न खाताच खाली ठेवली. शेवटी ते उठले आणि अमोलच्या डोक्यावरची टोपी त्यांनी काढून घेतली.

"शालिकरामजी, हे टोपी वाहेदभाईची हाये. माहा पोरगा इथं नोकरीले नाई. शेती करते. अकरा नकार ऐकून माही मती फिरली, म्हून लबाड बोललो. पोरगी द्याची नसन तं नका देऊ, पण लबाडीनं मले सून नाई आणाची."

सुभद्राबाईंनी डोळ्यांना पदर लावला. हातातलं स्थळ आपणच घालवलं, हे महादेवरावांना कळत होतं, तरी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

शालिकरामजींनी उरलेले पोहे सावकाश संपवले.

"मायीत हाये," ते म्हणाले.

"मायीत हाये? कसं काय बाप्पा?" महादेवरावांनी विचारलं.

"आचलले नोकरी लागली ना! सोमवारी अमरावतीच्या हापिसात रुजू झाली. शहरातल्या समद्या बागा आता तिच्या हाताखाली. मले म्हणे, बाबा, आपल्या हाताखालचा माणूस मी नवरा करणार नाई. पयल्याच दिवशी तिनं या बागेचा हजेरीपट काढून पाहिला. त्यात अमोलरावचं नाव सापडलं असतं, तं आमी आज आलोच नसतो."