चार बोटं जास्त

प्रदीपकुमारने मान फिरवली, पण काव्याने पाहायचं ते पाहिलंच. त्याचे वडील विठ्ठलराव चपला काढून नव्याकोऱ्या पिकअपच्या हौद्यात चढले होते आणि शोरूममधल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर चक्क उताणे झोपले होते.

"पायाशी किती जागा उरली, स्वल्प बघा की," ते आतूनच म्हणाले.

विक्रेता वेणुगोपाल बिचारा वाकून पाहू लागला. चारेक बोटं, सार, असं तो म्हणाला.

"माझ्यापेक्षा चार बोटं जास्त. सरी, ठीक. तेवढी पुरे." विठ्ठलराव उठून बसले आणि त्यांनी धोतर झटकलं.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं प्रदीपला झालं. काव्या त्याच्या ऑफिसातली, भटक्यांच्या टोळीची म्होरकी. गाडी निवडायला तिला सोबत आणलं ते सल्ल्यासाठी, असं तो म्हणत होता. खरं तर त्याला मिरवायचं होतं. बाप मुलाच्या हौसेसाठी गाडी घेतो, हे चारचौघांना दिसायला नको?

हौस त्याची जुनीच. शनिवार आला की टोळी निघायची. कधी कावेरीकाठी, कधी कुर्गच्या डोंगरात. तंबूत जागा कमी पडली की प्रदीप आपल्या मारुतीत झोपायचा. गेल्या महिन्यात असाच परतल्यावर त्याने जेवताना हसत हसत सांगितलं होतं, "अण्णा, त्या मागच्या सीटवर माणसानं झोपू नये. रात्रभर गुडघे पोटाशी. सकाळी पाय सरळच होईनात."

विठ्ठलराव हसले नाहीत. ताटात हात धुऊन उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, आपण पिकअप घेऊ. लांबच्या वाटेला चालेल, अंग पसरून झोपता येईल अशी.

प्रदीपला भरून आलं होतं. चिकपेटेत जन्मभर कापड विकलेला हा माणूस तसा अबोल. प्रदीपची आई तुंगाबाई गेल्यापासून तर जास्तच. ती दोन वर्षांपूर्वी होसकोट्याला भाचीच्या लग्नात अचानक वारली. प्रदीप तेव्हा कंपनीच्या कामासाठी सिंगापुरात होता. तिसऱ्या दिवशी पोचला, तोवर सगळं आटोपलं होतं. जे. पी. नगरच्या घरात भिंतीवर फोटो लागला होता आणि दारातल्या मारुतीला मागच्या बाजूला नवी सीटकव्हरं बसली होती. अशा दिवसांत अण्णांना कव्हरं कशी सुचली, असं त्याला वाटलं होतं. पण दुःखात माणूस काहीही करतो. तेव्हापासून विठ्ठलराव मारुतीत बसत नसत. आजही ते बसने आले होते. म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरं काय.

आणि आता हे शोरूममधलं प्रदर्शन.

काव्याने डबल कॅबिनचं मॉडेल पसंत केलं होतं. चार दारं, मऊ सीटा, पॉवर स्टिअरिंग, गाणी ऐकायची सोय, वर मोरपंखी रंग. प्रदीप तर त्या रंगावर लट्टूच झाला होता. विठ्ठलरावांनी त्या गाडीचा हौदा हाताने मापला. कापड मापणाऱ्याचा हात, चुकायचा नाही. ही आखूड आहे, म्हणाले, नको.

त्यांनी पसंत केली ती सगळ्यात साधी गाडी. पुढे दोन दारं, मागे लांब हौदा. पांढरी. वेणुगोपालने जास्तीच्या सोयी सांगायला तोंड उघडलं की ते हातानेच थांबवायचे. त्यांना फक्त तीन गोष्टी हव्या होत्या. मागचा फाळका पुरता खाली पडावा. आतला पत्रा सपाट असावा, पाण्याने धुता यावा. आणि दोन्ही कडांना फळ्या बसवून द्याव्यात, दोन माणसं इकडे, दोन तिकडे.

काव्या हसू दाबत होती. "तुझे अण्णा आपल्यापेक्षा पक्के कॅम्पर आहेत," ती हळूच म्हणाली. प्रदीपचे कान तापले. बापाची लाज वाटते याचीही लाज वाटत होती, आणि तरी वाटायची ती वाटतच होती.

शेवटी वेणुगोपालने नारळ, लिंबं, हार मागवतो म्हटलं. गाडी न्यायच्या दिवशी पूजा आमच्याकडूनच, सार.

"पूजा नको," विठ्ठलराव म्हणाले. "ह्या गाडीला पूजा चालत नाही."

वेणुगोपालचा चेहरा उतरला. चाकाखाली लिंबू न ठेवता गाडी बाहेर काढणारा माणूस त्याने पाहिला नसावा. शेजारची गिऱ्हाइकंही वळून बघू लागली. आता मात्र प्रदीपचा धीर सुटला. त्याने वडिलांचं कोपर धरलं आणि त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर नेलं. मारुती उन्हात उभी होती. त्याने मागचं दार उघडलं.

"बसा. घरी जाऊ."

विठ्ठलराव बसले नाहीत. दारावर हात ठेवून आतल्या सीटकडे बघत राहिले.

"अण्णा, लोक हसतात हो. फिरायला जाणारं माणूस असली गाडी घेतं का? हौद्यात झोपून काय बघता, पूजा काय नको म्हणता. आई असती तर तिलाही लाज वाटली असती."

आईचं नाव निघालं तसे त्यांनी वर पाहिलं. तुंगाबाई त्यांच्याहून उंच. लग्नात नवरदेवाला दोन पाट द्या म्हणून अख्ख्या चिकपेटेने चिडवलं होतं, आणि ती गोष्ट सांगताना ते अजूनही हसत. आज हसले नाहीत.

"तू झोपशील म्हणून नाही रे घेत," ते म्हणाले. "कुणाचंही माणूस गेलं तर ते सरळ निजून घरी यावं म्हणून." त्यांनी सीटवरून नजर काढली नाही. "होसकोट्याला लग्नघर होतं. मुहूर्ताआधी मागच्या दारानं हलवा, म्हणाले. मेलेल्या माणसाला गाडीत घ्यायला एक टॅक्सीवाला तयार होईना. मग आपल्या मारुतीतच आणलं, ह्या सीटवर. गुडघे पोटाशी दुमडून. घरी आल्यावर तिचे पाय सरळच होईनात."