काशीनं म्हावरं सोडलं

बयाबाईनं मासळीची पाटी बालवाडीच्या दारातच उतरवली आणि काशीचा दंड धरून तिला सरोजिनीबाईंच्या पुढ्यात उभं केलं.

"माझे पोरीला माळ घातलीत काय, बाई?"

सरोजिनीबाईंना आधी काही कळेचना. चार वर्षांच्या काशीच्या गळ्यात नजरेचा काळा दोरा तेवढा होता.

"तुमी ते चित्राचं पुस्तक दाखवलंत तेव्हापासून ही म्हावऱ्याला तोंड लावत नाय. काल बापानं जिताडा आनला. तुकडा उलटापालटा करून बघितला आनि ताट सारलं. इचारलं तर म्हनते, चिमी. कोन ही चिमी?"

चिमी कोण ते बाईंना लगेच कळलं. चिमी म्हणजे त्या पुस्तकातली छोटी मासोळी. आई नको म्हणत असताना ती लांब पोहायला जाते आणि जाळ्यात सापडते. शेवटच्या पानावर जाळ्यातली चिमी, बाजूला तिची रडणारी आई आणि खाली ठळक अक्षरांत बोध: मुलांनी आईचं ऐकावं. कोळ्यांच्या पोरांना माशाची गोष्ट आवडेल, एवढ्याच साध्या विचारानं बाईंनी ते पुस्तक वाशीहून हौसेनं आणलं होतं. आता कपाळावर हात मारायची वेळ आली होती.

"कोळ्याची पोर म्हावरं सोडते, असं आपल्या दिवाळे गावात कुनी ऐकलंय?" बयाबाईचा आवाज चढला. "चला घरी. तुमी सोडवलंत, तुमीच खायला लावा. नायतर उद्यापासून आमच्या आळीतलं एक पोर इथं यायचं नाय."

बयाबाईच्या शब्दाला आळीत वजन होतं. घरोघर हिंडून, आयांच्या विनवण्या करून बाईंनी ही बालवाडी भरवली होती. पलीकडे बेलापूरच्या माळावर नवं शहर उभं राहत होतं. उद्या तिथल्या मोठ्या शाळेत ही पोरं बुजू नयेत म्हणून त्यांचा जीव तुटायचा. एका मासोळीपायी सगळ्यावर पाणी पडणार होतं. त्यांनी पुस्तक काखेत मारलं आणि निमूटपणे बयाबाईच्या मागून चालू लागल्या.

खरं सांगायचं तर वाटेत त्यांना थोडं बरंही वाटत होतं. बाईंच्या माहेरी सगळे माळकरी. एवढ्याशा पोरीच्या मनात मुक्या जिवाचा असा कळवळा यावा, याचं त्यांना कौतुक वाटलं. आपण शिकवायला गेलो एक आणि पोर शिकली त्याहून मोठं, असंही मनात आलं. पण हे बयाबाईसमोर बोलायची त्यांची छाती नव्हती.

ओट्यावर काशीचा बाप नामा जाळं वाळत घालत होता. आपल्यासारखं जाळं अख्ख्या दिवाळ्यात नाही, असं तो येताजाता सांगायचा आणि ते खरंही होतं. बयाबाईनं भात वाढला, त्यावर बोईट माशाचं कालवण ओतलं आणि ताट काशीपुढे ठेवलं. शेजारची वेणूबाई आणि आणखी दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. काशीनं दोन्ही हात पाठीमागे लपवले.

कालवणाच्या वासानं बाईंनी पदर नाकाशी नेला, मग तो सोडून पुस्तक उघडलं.

"काशी, त्या दिवशी गोष्ट अर्धीच राहिली बघ. चिमी जाळ्यात सापडली खरी, पण जाळ्याला होतं भोक! चिमी त्यातून सुळकन निसटली आणि थेट आईकडे गेली."

छापलेला बोध गेला खाडीत. पोर जेवली म्हणजे झालं.

काशीनं चित्राला नाक लावलं. "भोक कुटं हाय?"

"ते मागच्या बाजूला आहे."

काशीनं पान उलटलं. मागे कोरा कागद होता.

"जाळं कुनाचं व्हतं?"

बाई अडखळल्या. "असंच, कुणाचं तरी."

"म्हावरं माझा बाप धरतो," काशी ठामपणे म्हणाली. "त्याचं जाळं फाटकं नसतं."

सगळ्यांच्या नजरा नामाकडे वळल्या. नामानं दारातल्या बायकांकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, मग ताटाकडे. घसा खाकरून तो आत आला आणि काशीसमोर उकिडवा बसला.

"व्हतं बाय," तो म्हणाला. "माझंच जाळं फाटकं व्हतं. ह्ये येवढं भोक! चिमी माझ्या डोळ्यांदेखत गेली त्यातनं."

वेणूबाई तोंडाला पदर लावून फसकन हसली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बंदरावर जाणार आणि पुढे कितीतरी दिवस सगळे नामाच्या जाळ्याची चेष्टा करणार, हे नामाला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं दोन्ही हात फाकवून भोक केवढं होतं ते पोरीला दाखवलं.

"आयेकडं पोचली?" काशीनं विचारलं.

"पोचली ना. दोघी गेल्या घरी."

काशीनं मोठा श्वास सोडला. ताट पुढ्यात ओढलं आणि कालवणभाताचा हा भलामोठा घास तोंडात कोंबला. बयाबाईचा चेहरा खुलला. असा जीव लावणारी पोर आपल्या बालवाडीत आहे म्हणून बाई डोळे टिपत होत्या. तेवढ्यात काशीनं ताटातला माशाचा तुकडा बोटानं उलटा केला, नीट न्याहाळला आणि खुशीत म्हणाली,

"मंग ही दुसरीच कोनतरी हाय. आये, डोकं मला दे!"