डब्यांवरच्या चिठ्ठ्या

त्यानं पातेल्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला, आणि फळीकडे गेलेला हात मध्येच थांबला. फळीवर सहा डबे होते. सहाही सारखे, स्टीलचे, उघडेबोडके.

तो गुणगुणत होता. बायकोनं त्याच्यासाठी जुळवलेलं, दोन महिने रोज म्हणून म्हणून त्याच्या जिभेवर बसवलेलं गाणं:

पाण्यामागे साखर, साखरेमागे पत्ती,
उकळी येता झाकण ठेव, विझव राजा बत्ती.

"साखर," तो म्हणाला आणि डब्यांकडे बघत राहिला.

"सावकाश होऊ द्या, दादा. मला घाई नाही," टेबलाशी बसलेल्या ताई म्हणाल्या.

पुनर्वसन केंद्राच्या ताई दर सहा महिन्यांनी फाइल घेऊन यायच्या. परांचीवरून पडून डोक्याला मार बसलेल्या या माणसाला दिवसाचे किती तास मदतनीस द्यायचा, ते त्यांच्या तक्त्यावर ठरायचं. आपला चहा आपण केला, की 'स्वावलंबी' या शब्दापुढे खूण. खूण झाली, की सहा तासांचे दोन तास.

बायको दाराला टेकून उभी होती. चहा त्याला येत होता. रोज करत होता. पण चहा पिऊन झाला, की अनवाणी रस्त्यावर उतरायचा आणि आपलं घर कुठलं ते दारोदार विचारत फिरायचा. त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. आणि दोन तासांत तिची शिलाईच्या कारखान्यातली पाळी संपत नव्हती. मग बाहेरून कुलूप घालून जायचं, एवढंच हातात उरत होतं.

म्हणून सकाळी, तो अंघोळीला गेलेला असताना, तिनं ओल्या फडक्यानं डब्यांवरच्या, शेगडीमागच्या भिंतीवरचीही, चिठ्ठ्या सोलून काढल्या होत्या. त्या आता तिच्या खिशात होत्या. हात खिशातच होता.

चिठ्ठ्यांवरचं अक्षर तिचं. वेडंवाकडं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा तेव्हा लोक त्याचं अक्षर बघायला थांबायचे. डोक्यातून पुष्कळ काही निघून गेलं, पण ती ऐट तेवढी राहिली. रोज सकाळी फळीसमोर उभा राहून विचारायचा, "हे कुणी लिहिलंय? कोंबडीचे पाय!"

"कोंबडीनेच," ती म्हणायची. "चहा टाका आता."

त्यानं पहिला डबा उघडला. मीठ. झाकण लावलं. दुसरा उघडला. तांदूळ. झाकण लावलं. मग पुन्हा पहिला. डब्याच्या पोटावरून अंगठा फिरवला, अंधारात कडी चाचपावी तसा. "पाण्यामागे साखर," तो हळूच म्हणाला. पुन्हा म्हणाला. गाणं तिथंच अडून बसलं.

पाणी उकळून उकळून तळाला गेलं. ताईंनी उठून गॅस बंद केला.

तो वळला. पाहुण्यांसमोर हसावं तसा हसला.

"आज काय झालंय कळत नाही. रोज येतं मला. हवं तर हिला विचारा."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. तोही मान पुढे काढून तिच्याकडेच पाहत होता.

"सांग ना गं. येतं ना मला?"

खिशातल्या चिठ्ठ्या तिच्या घामानं ओल्या झाल्या होत्या.

"नाही," ती म्हणाली. "नाही येत त्यांना."

मग त्यानं मान डोलावली, एकदा, दोनदा. हातातलं झाकण जपून ओट्यावर ठेवलं.

"ही म्हणते म्हणजे तसंच असणार," त्यानं ताईंना समजावलं. "लिहून घ्या."

ताईंनी लिहून घेतलं. सहा तास. निघताना त्यांनी फळीवरच्या एका डब्याला बोट लावलं. बोट चिकटलं. त्यांनी ते रुमालाला पुसलं, फाइल काखेत मारली.

"वहिनी," दाराशी त्या अगदी हळू म्हणाल्या, "पुढच्या वेळी डिंक नीट पुसून घ्या."



दुपारी तिनं एकेक चिठ्ठी पुन्हा डकवली. साखर. पत्ती. मीठ. तांदूळ. सगळ्यांत शेवटची शेगडीमागच्या भिंतीवर: विझवला का? तो खुर्चीत बसून बघत होता. ओठ हलवत त्यानं सगळ्या वाचून काढल्या. मग एकदम हसला.

"हे कुणी लिहिलंय? कोंबडीचे पाय!"

तिचा जीव भांड्यात पडला. "कोंबडीनेच," ती म्हणाली आणि पातेलं त्याच्या हातात दिलं. "चला, उठा. पाण्यामागे..."

पुढचा शब्द तिनं त्याच्यासाठी मोकळा ठेवला.

त्यानं पातेलं मांडीवर ठेवून घेतलं. फाइलवाल्या ताईंना तो विसरला होता. मीठ विसरला होता, तळाला गेलेलं पाणी विसरला होता.

"मला चहा करता येत नाही," तो म्हणाला. कुणी नाव विचारावं आणि आपण सांगावं, इतक्या साधेपणानं.

"कोण म्हणालं?"

त्यानं आठवून बघितलं. कपाळावरची जुनी खूण आक्रसली, सैल झाली.

"ते नाही आठवत," तो म्हणाला. "पण माणूस खात्रीचं होतं."