पहिली नोंद

"चालायला लागली का गं तनू?" सासूबाईंनी पुण्याहून विचारलं. आठवड्यात पाचव्यांदा.

"नाही हो आई. लागली की सांगते." अनुयाने दात आवळून फोन ठेवला. पोरगी सतरा महिन्यांची. पायांत काही दोष नाही, हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. तरी घरात दुसरा विषय नव्हता.

तिच्यापुढे केंब्रिजमधल्या शब्दकोशाचं काम पसरलं होतं. इटलीतल्या जिनोआकडची लिगुरियन भाषा, आणि तिच्यातला 'चालणारा' या अर्थाचा एक शब्द. तीन आठवडे ती त्याचा माग काढत होती. लॅटिन ओलांडून फ्रान्सकडच्या प्राचीन गॉलिश भाषेपर्यंत पोचली, तिथे 'पाऊल' सापडलं, आणि पुढे सगळा अंधार. कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. मेलं कधीचं कोण चाललं ते हुडकायचा पगार घ्यायचा, आणि पोटच्या पोरीचं पहिलं पाऊल आपण इथे बसलो असताना पडायचं. एवढी एकच धास्ती तिला होती. म्हणून ती रोज धावतपळत नर्सरी गाठायची. "आज काही?" तनूला सांभाळणारी डॅनिएला हसून म्हणायची, "एनी डे नाऊ." आणि तनू आई दिसली की हात वर करायची. उचल.

आज बस लवकर मिळाली. नर्सरीच्या काचेतून अनुयाने पाहिलं. हातात कप घेऊन तनू टेबलाला वळसा घालत होती, वाटेत वाकून मोजा उचलत होती. पहिलं पाऊल असं नसतं. अनुया आत आली तशी तनू मटकन खाली बसली आणि तिने हात वर केले.

"कधीपासून?"

डॅनिएला लाल झाली. "दोन आठवडे. सॉरी. पहिलं पाऊल आम्ही कधीच सांगत नाही. ते आईने घरी बघायचं असतं."

"मी रोज विचारत होते."

"म्हणून तर."

तनूला कडेवर घेऊन अनुयाने रस्त्यातूनच नवऱ्याला फोन लावला. "शशी, या बायकांनी दोन आठवडे माझ्यापासून लपवलं."

"अगं, त्यांचा काय दोष," शशिधर म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"दोन आठवड्यांपूर्वी रविवारी तू लायब्ररीत होतीस ना, तेव्हा चालली. मी आईला व्हिडिओ पाठवला."

"आईंना? अरे, त्या तर आज सकाळीसुद्धा विचारत होत्या."

"तीच म्हणाली, 'मी विचारायची थांबले तर अनूला कळेल. तिने बघेपर्यंत मी विचारत राहणार.'"