शंभरावा दाणा

चंद्रहास वकिलांनी चाळीस वर्षं वसईच्या कोर्टात वकिली केली, नगरसेवक म्हणून दोनदा निवडून आले, तिसऱ्यांदा सपशेल आपटले. पण आमच्या पापडी गावाला ते ठाऊक साप्ताहिकाचे संपादक म्हणून. आमच्याकडे निधनवार्ता शंभर शब्दांचीच, मग माणूस आमदार असो की भाजीवाली. टेबलावर डबा असायचा, त्यात वाडीतल्या वालाचे मोजून शंभर दाणे. एका शब्दाला एक दाणा बाहेर. डबा रिकामा झाला की बातमी संपली. मी ‘दुःखद निधन’ टाइप केलं की साहेब ओरडायचे, “मरन कधी सुखाचं असतं काय गं दिपिका? एक दाना फुकट घालवलास!” गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. तेव्हा मला उठवून ते स्वतः लिहायला बसले आणि नव्व्याण्णव शब्दांवर थांबले. “एक उरलाय,” मी म्हटलं. “ऱ्हाऊ दे,” म्हणाले आणि तो दाणा त्यांनी काळ्या कोटाच्या खिशात टाकला. त्यानंतरच्या सगळ्या निधनवार्ता नव्व्याण्णव शब्दांच्याच निघाल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. काल साहेब गेले. त्यांची बातमी मीच लिहायला बसले. कोर्ट, निवडणुका, साप्ताहिक, सगळं नव्व्याण्णव दाण्यांत बसवलं. पहिल्या ओळीत नुसतं ‘निधन’, त्यांना आवडलं असतं तसं. डबा रिकामा झाला, तरी मला उठवेना. कोट खुंटीवरच होता. खिशात हात घातला. दाणा तिथेच होता, वर्षभर हाताळून गुळगुळीत झालेला. मी तो बाकीच्यांत ठेवला आणि ‘निधन’च्या आधी लिहिलं, ‘दुःखद’.