अकरा नर

देवबागच्या वाळूतून डॉ. कुमुद आज चक्क धावत सुटल्या. पदर खोचलेला, चष्मा नाकावर घसरलेला, हातात बाटली. मोरी माशाच्या आतड्यातला एक गोलकृमी त्या अठ्ठावन्न सालापासून, म्हणजे तीन वर्षं, तपासत होत्या. कुणीच न नोंदलेली जात! पण मिळायच्या त्या सगळ्या माद्याच, आणि नर दाखवल्याशिवाय नवी जात कोण मानणार?

आज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसला. मादीच्या निम्माही नाही, शेपटी वळवून पडलेला. नर! एक नव्हे, अकरा!

डॉक्टरबाई सत्यवती कोळणीच्या घरी पोचल्या तेव्हा ती तापाने अंथरुणात होती. मासे कापताना कृमी वेचून बाटलीत भरायचं काम तिचं. आज पहिल्यांदाच ते तिच्या सुनेने केलं होतं.

"सत्यवती, सापडले गं! नर सापडले!" डॉक्टरबाईंनी बाटली तिच्या हातात दिली.

सत्यवतीने ती उजेडात धरली आणि तापातही ताडकन उठून बसली.

"गो, ह्यां काय दिलंस बाईंका?" ती सुनेवर ओरडली. मग ओशाळून डॉक्टरबाईंकडे वळली. "पोर नवी आसा, बाई, रागवा नकात. तीन वर्सां मी तुमका मोठे मोठेच वेचून दिले. असले बारीक पावण्यांक कोण देता? ते मी रोज दर्यात टाकतंय."